आमच्या सरांची आमदारकी

शहाद्याला वकिली शिकायला जायचं ठरलं तेव्हा आप्पांची एकच अट होती. ऑफिस एसटी स्टँडजवळ पाहिजे. म्हणजे काही बिनसलं तर लेक सरळ बसमध्ये बसून धानोऱ्याला परत येईल. आमच्या घरात तोपर्यंत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं आणि त्याचा आप्पांना अभिमान होता. आता लेकच रोज ती पायरी चढणार म्हटल्यावर ते जरा गोंधळले होते.

सरांचं ऑफिस स्टँडच्या बरोब्बर समोर निघालं. खाली बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, वर दोन खोल्यांत आमची वकिली. सगळ्या फायलींना कीटकनाशकाचा वास यायचा. पण एक सांगते, शहाद्यात सगळ्या वकिलांच्या दप्तराला कधी ना कधी वाळवी लागली, आमच्या दप्तराला कधीच लागली नाही.

पहिल्या दिवशी आप्पा स्वतः सोडायला आले. सर तेव्हा पन्नाशीला टेकलेले, ठेंगणे, काळेसावळे, डोक्यावर भरगच्च केस. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि विचारलं, "कापूस कसा शे औंदा?" पुढचा अर्धा तास दोघं कापसावर बोलले. माझी मार्कशीट माझ्या हातातच राहिली. जाताना आप्पा माझ्या कानात म्हणाले, "माणूस बरा शे. ऱ्हाय आठे." झाली माझी मुलाखत.

ऑफिसात तिसरे होते ते टायपिस्ट चाचा. शहाद्यातलं जुनं मुस्लीम घर. वडील पिंजारी, गाद्या भरायचे. कापसावर काठी मारायची वडिलांची ताकद चाचांनी टायपिंगला लावली होती. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला होता, पण ते त्यांच्या बोटांना कोणी कळवलं नव्हतं. वर्षाला एक कीबोर्ड मोडायचा. अहिराणी मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा ठसक्यात बोलायचे.

सर मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. घरची भाषा पावरी. आश्रमशाळेत मराठी शिकले, शहाद्याच्या कॉलेजात आल्यावर अहिराणी आणि धुळ्याला एलएलबी करताना इंग्रजी. ते म्हणायचे, "ताई, माझ्या प्रत्येक भाषेवर आधीच्या भाषेची माती आहे. म्हणून मी सावकाश बोलतो." खरंच सावकाश बोलायचे. उलटतपासणीत साक्षीदार प्रश्नाची वाट बघून बघून स्वतःच काहीतरी बोलून बसायचा आणि तेवढंच सरांना पुरायचं.

डोंगरातली माणसं आमच्याकडे जास्त यायची याचं कारण उघड होतं. सरांशी त्यांना त्यांच्या भाषेत बोलता यायचं. जिना चढताना दबकत येणारा माणूस आत शिरून सरांचं पहिलं वाक्य ऐकलं की असा मोकळा व्हायचा, की त्याला पुढे थांबवणं अवघड. शेळ्या, सोयरीक, पाऊस, जावई, सगळं सांगून झाल्यावर शेवटी समन्स खिशातून निघायचं.

सरांची आमदारकी सुरू झाली ती एका शेळीपासून. त्या दिवशी मी कोर्टात सरांच्या शेजारीच होते, म्हणून खात्रीने सांगू शकते.

डोंगरातल्या एका तरुणावर शेळी चोरल्याचा आणि मालकाला ढकलल्याचा खटला होता. साक्षीला खुद्द शेळीचा मालक उभा होता. म्हातारा, डोक्याला फेटा, पावरीशिवाय दुसरी भाषा नाही. दुभाषा म्हणून कोर्टातल्याच एका शिपायाला उभं केलं होतं. त्याला भिली चांगली यायची आणि पावरी, त्याच्याच शब्दांत, "समजते थोडी."

म्हातारा काहीतरी बोलला. शिपायाने सांगितलं, "साक्षीदार म्हणतो, आरोपी माझी शेळी पळवायला आला."

सर ताडकन उठले. सावकाश उठणारा माणूस तो, त्यामुळे त्यांची खुर्चीच मागे पडली.

"मॅडम, साक्षीदार तसं म्हणालेला नाही. तो म्हणाला, आरोपी माझ्या शेळीच्या मागे पळत आला. शेळी आरोपीच्या शेतात शिरली होती. तो तिला हाकलत आला."

सरकारी वकीलही उठले. "मॅडम, आरोपीचे वकीलच दुभाषा झाले तर आम्ही कशाला यायचं?"

त्यांचंही बरोबर होतं. न्यायाधीश मॅडम नुकत्याच विदर्भातून बदलून आल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग या कोर्टात पावरी कोणाला येते?"

शिपायाने खाली बघितलं. लघुलेखक, कारकून, सर सोडून आम्ही दहा-बारा वकील, कोणाला येत नव्हती. मॅडमनी शिपायाला सांगितलं, "बाहेर पुकारा."

त्याने दारात जाऊन, आरोपींची नावं पुकारतो त्याच सुरात पुकारलं, "पावरी येणारं कोणी आहे का हो?"

आणि सगळा व्हरांडा उभा राहिला. तारखेला आलेली, जामिनाला आलेली, नुसती सोबतीला आलेली, तीस-चाळीस माणसं. एकाच वेळी. काहींनी तर हातही वर केले. मी दारातून ते बघितलं. मॅडमनीही मान उंचावून बघितलं. रोज दाराबाहेर एवढी पावरी बसलेली असायची आणि आत तिचा एक शब्द पोचत नव्हता.

त्यातून मॅडमनी एक बाई निवडली. ती एका पाड्यावर आशा सेविका म्हणून काम करायची, दहावी शिकलेली, जमिनीच्या कुठल्याशा दाव्यात नवऱ्यासोबत तारखेला आलेली. तिला शपथ दिली. तिने म्हाताऱ्याला पुन्हा विचारलं आणि स्पष्ट आवाजात मराठीत सांगितलं. शेळीच्या मागे पळत आला, हेच निघालं. ढकलल्याचं काय, म्हणून विचारलं तर म्हातारा म्हणाला, "शेळीने ढकललं." कोर्ट हसलं. तरुण पुढच्या महिन्यात सुटला.

ही गोष्ट डोंगरात कशी पसरली ते मला माहीत नाही. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी गेली असणार, मग जीपच्या टपावर बसून पाड्यापाड्यावर. दरवेळी तिच्यात भर पडत गेली. एका पक्षकाराने तर मलाच सांगितलं, की वकीलदादांनी शेळीची साक्ष काढली आणि शेळी पावरीत बोलली.

त्यानंतर निवडणूक आली, आणि एका पक्षाचा नेहमीचा उमेदवार रुसून दुसरीकडे गेला. एका दुपारी चार माणसं पांढऱ्या कपड्यांत जिना चढून आली. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माले कोर्ट पुरे शे." ती माणसं गेली, परत आली, परत गेली. चौथ्यांदा आली तेव्हा काकू ऑफिसात होत्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यात नर्स. सरांच्या निकालावर दाद फक्त त्यांच्याकडे लागायची. त्यांनी सरांना आतल्या खोलीत नेलं. काय बोलल्या ते भिंतीतून ऐकू आलंच. "त्या दिवशी सगळा व्हरांडा उभा राहिला म्हणून चार महिने सगळ्यांना सांगत फिरताय. मग आता तुम्ही का बसलाय?"

सर बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, अर्ज भरायचा आहे."

उमेदवारी अर्ज आणि त्याचं शपथपत्र मी तयार केलं. सर पक्षकारांना नेहमी बजावायचे, "रकाना रिकामा सोडू नका. काही नसेल तर 'निरंक' लिहा." मी सगळीकडे निरंक लिहिलं. एक रकाना राहिला. परदेशातली मालमत्ता. ज्या माणसाचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूरपर्यंतचा, त्याच्या परदेशातल्या मालमत्तेचा विचार माझ्या मनालाही शिवला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही वाजतगाजत गेलो. अर्ज घेणारे अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी एकेक पान उलटलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "वकीलसाहेब, परदेशात काही आहे का?"

"नाही हो."

"मग तसं लिहा ना. रिकामा रकाना म्हणजे माहिती दिली नाही असा अर्थ होतो. तीनच्या आत नवं शपथपत्र आणा."

दोनला दहा कमी होते. बाहेर ढोल चालूच होता. चाचा लॅपटॉप घेऊन कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात घुसले आणि त्यांनी असा कीबोर्ड बडवला, की दुकानदार म्हणाला, "चाचा, टेबल भाड्याचं शे." प्रिंट निघाली. नोटरी जेवायला गेले होते. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा ते भाकरीचा तुकडा मोडत होते. त्यांनी डाव्या हाताने शिक्का मारला. कागद टेबलावर पडला तेव्हा तीनला सात मिनिटं होती.

परत येताना जीपमध्ये मी रडायला लागले. सर म्हणाले, "ताई, रडू नका. परदेशात एखादी झोपडी जरी असती तरी लक्षात राहिलं असतं. चूक माझ्या गरिबीची आहे." यावर काकू एवढ्या हसल्या, की ड्रायव्हरने जीप थांबवली.

सरांना भाषण येत नव्हतं. हे आम्हाला मोलगीच्या पहिल्या सभेत कळलं. बाजाराचा दिवस, जीपच्या बॉनेटवर सर उभे, समोर चिक्कार गर्दी आणि सर गप्प. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी सुरू केलं. गर्दीची उलटतपासणी. मला पावरी कळत नव्हती, काकू भाषांतर करून सांगत होत्या.

"तुमच्या पाड्यावर एसटी येते? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही!"

एक म्हातारा म्हणाला, "येते की. एकदा आली होती."

"कधी?"

"लग्नाची. भाड्याने केलेली."

"नवरदेव गावातला होता की बाहेरचा?"

"बाहेरचा."

"म्हणजे एसटी आली तीही पोरगी घेऊन गेली." सगळा बाजार हसला. मग सर म्हणाले, "दवाखान्यात गेलात तर डॉक्टरला तुमचं दुखणं कळतं? पोलिसात गेलात तर तुमची तक्रार कळते? कोर्टात गेलात तर?" आता कोणी हसत नव्हतं. "हो की नाही, एवढंच सांगा," सर म्हणाले. पुढे प्रत्येक सभा अशीच झाली. लोक उत्तरं द्यायलाच यायला लागले.

सर थोड्याशा मतांनी निवडून आले. दोनदा मोजणी झाली. गुलालाने रस्ता लाल झाला, मी आयुष्यात पहिल्यांदा ढोलावर नाचले आणि ते आप्पांपर्यंत पोचलंही. दुसऱ्या दिवशी सरांची उलटतपासणीची तारीख होती. मला वाटलं, पुढची तारीख मागतील. पण अकराला सर कोर्टात हजर. कानामागे गुलाल तसाच. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन, वकीलसाहेब. आता साक्षीदाराला विचारा."

घरी आप्पांनी मला विचारलं, "वकील व्हयनी, आते आमदारनी पीए व्हशी का?" मी म्हणाले, नाही, मी ऑफिस सांभाळणार. झालंही तसंच. सर अधिवेशनाला जायचे आणि मी त्यांची कोर्टातली कामं चालवायचे. पहिल्यांदा एकटीने युक्तिवाद केला तेव्हा मी सगळा वेळ बाकाला पोट टेकून उभी राहिले. जामीन मिळाला. चाचांनी सगळ्या व्हरांड्याला चहा पाजला.

विधानसभेत बोलायला मिळणं कोर्टापेक्षा अवघड आहे, असं सर पहिल्या अधिवेशनाहून येऊन म्हणाले. "कोर्टात निदान पुकार तरी होते." मग त्यांनी प्रश्न पाठवायला सुरुवात केली आणि ते काम आमच्या ऑफिसात आलं. तिथला प्रश्न लिहायची एक ठरलेली पद्धत असते. अमुक अमुक आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली? आम्ही लिहिलं : नंदुरबार जिल्ह्यातील न्यायालयांत पावरी, भिली, कोकणी या आदिवासी बोली बोलणाऱ्या पक्षकारांसाठी दुभाषी उपलब्ध नाहीत, हे खरे आहे काय?

उत्तर आलं. "हे अंशतः खरे आहे."

सरांनी तो कागद उलटा करून पाठीमागेही बघितला. "अंशतः खरं म्हणजे काय, ताई? असं उत्तर साक्षीदाराने दिलं असतं तर मी त्याला तासभर पिंजऱ्यातून उतरू दिलं नसतं."

पुढच्या अधिवेशनात पुन्हा पाठवला. उत्तर आलं, की हा विषय न्यायालयाच्या अखत्यारीतला असल्याने प्रश्न उद्भवत नाही. सर म्हणाले, "उद्भवत नाही कसा? मी स्वतः उद्भवलोय त्यातून." चाचांना हे वाक्य एवढं आवडलं, की महिनाभर ते कोणी काही विचारलं की म्हणायचे, "प्रश्न उद्भवस नही."

सर पाठवत राहिले. न्यायालयाकडे वेगळा अर्ज केला, वकील संघाचा ठराव घेतला, खात्याच्या सचिवांना भेटले. तिसऱ्या वर्षी नागपूरच्या अधिवेशनात त्यांना दोन मिनिटं मिळाली. मी आणि चाचा ऑफिसात मोबाइलवर बघत होतो. सर उठले, अध्यक्षांना नमस्कार केला आणि पावरीत बोलायला लागले. दोन-तीन वाक्यं. सभागृहात गडबड. अध्यक्ष म्हणाले, "माननीय सदस्यांनी मराठीत बोलावं."

सर थांबले. मग मराठीत, नेहमीच्या सावकाश पद्धतीने म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी आत्ता काय बोललो ते इथे एकालाही कळलं नाही. मी आशीर्वाद दिला की शिवी दिली, हे ठरवायचं कोणी? तुमचा लेखनिक त्याच्या मनाने लिहील आणि ते माझं म्हणणं म्हणून कायमचं राहील. आमच्या माणसाचं कोर्टात रोज हेच होतं. फरक एवढाच, की मी इथून घरी जाणार आहे आणि तो तिथून तुरुंगात जातो."

कोणीतरी बाक वाजवला. मग बरेच बाक वाजले. चाचांनी डोळे पुसले आणि कीबोर्डवर धूळ असते असं काहीतरी पुटपुटले.

सर परत आल्यावर मी विचारलं, "सर, पावरीत नेमकं काय बोललात?" ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "कोणाला सांगू नका. म्हणालो, सकाळपासून काही खाल्लं नाही आणि इथला एसी फार गार आहे."

चौथ्या वर्षी ते काम झालं. जिल्ह्यातल्या कोर्टांसाठी दुभाष्यांची यादी तयार झाली, नंदुरबारला तीन दिवसांचं शिबिर झालं. शपथ कशी घ्यायची, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, कळलं नाही तर तसं सांगायचं, हे सगळं शिकवलं. पावरीच्या यादीत पहिलं नाव त्या आशाताईंचं होतं.

आणि पुढच्या वर्षी सर पडले.

का पडले, याची कारणं लोकांनी त्यांच्या तोंडावरच सांगितली. आमदार लग्नाला येत नाही. कोणी गेलं तर दारावर येत नाही. फोन केला तर म्हणतो कोर्टात आहे. रस्ता झाला तो शेजारच्या पाड्यापर्यंतच झाला. एका म्हाताऱ्याने तर सांगितलं, "दादा, तू दुभाषा दिलास, चांगलं केलंस. पण कोर्टात आम्ही वर्षातून एकदा जातो. पाण्याला रोज जातो."

निकालाच्या दुसऱ्या दिवशीही ते अकराच्या आत ऑफिसात आले. डबा टेबलावर ठेवला, खिडकी उघडली, खुर्चीत बसले. पाच वर्षं ज्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची, तिथे कोणी नव्हतं. मोबाइल टेबलावर पडून होता. मी पाहिलं, ते मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सर, आता निवांत वकिली."

"ताई," ते म्हणाले, "वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू."

चाचांनी चहा मागवला, तिघं प्यायलो. चहा संपल्यावर सरांनी विचारलं, "बोर्डावर काय आहे आज?" मी यादी वाचून दाखवली. ते पुन्हा वकील झाले, पण लगेच नाही. दोन-तीन महिने गेले. बोलता बोलता मध्येच थांबायचे. युक्तिवाद करताना एकदा न्यायाधीशांना "अध्यक्ष महोदय" म्हणाले.

त्यानंतर मोहाचा खटला आला. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या शेताच्या बांधावर एक मोहाचं झाड. फुलं कोणी वेचायची यावरून भांडण होऊन धाकट्याने थोरल्याला काठी मारली होती. धाकटा आमचा पक्षकार. साक्षीला थोरल्याची बायको. आणि तिच्या शेजारी दुभाषी म्हणून, पदर खोचून, आशाताई.

सर उलटतपासणीला उठले. त्यांनी एक ठेवणीतला प्रश्न काढला. असे प्रश्न ऐकून भलेभले साक्षीदार गोंधळताना मी पाहिलेत. "त्या वेळी तुम्ही मोह वेचायला गेला होतात आणि भांडणाच्या जागी नव्हतात, हे खोटं आहे असं तुमचं म्हणणं नाही, बरोबर?"

आशाताईंनी क्षणभर विचार केला. मग मॅडमच्या जागी आलेल्या न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, या प्रश्नात दोन-तीन प्रश्न आहेत. कोणता विचारू?"

न्यायाधीशांनी हसू दाबायला ओठ घट्ट मिटून घेतले. "वकीलसाहेब, एकेक विचारा."

सरांनी एकेक विचारला. आशाताईंनी जसाच्या तसा पावरीत नेला आणि उत्तर जसंच्या तसं मराठीत आणलं. "ती म्हणते, मोह पहाटे वेचतात. भांडण दुपारी झालं. मी भाकरी घेऊन आले होते. भाकरीसुद्धा पडली." सर पावरी जाणणारे, त्यामुळे भाषांतरात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही हे आख्ख्या कोर्टात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. ते खाली बसले.

धाकट्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टातून बाहेर पडताना आशाताई व्हरांड्यात भेटल्या. जरा अवघडून म्हणाल्या, "दादा, राग आला का?"

"आला," सर म्हणाले. मग हसले. "पण तुमचा नाही."

संध्याकाळी अपील लिहायला बसलो. चाचा बोटं मोडून तयार. मी मुद्दे काढून आणले होते. पहिला मुद्दा लिहिला होता : दुभाष्याच्या भाषांतरात त्रुटी असल्याने साक्ष विश्वासार्ह नाही. वरच्या कोर्टात पावरी कोणाला येते? संशयाचा फायदा मिळाला तर मिळाला. वकिलीत असे मुद्दे सगळेच घालतात आणि मीही तोपर्यंत सहा-सात वर्षं मुरले होते.

सरांनी वाचलं. कागद माझ्याकडे परत सरकवला. "हा काढा."

"सर, पक्षकारासाठी—"

"पक्षकारासाठी दुसरं काहीतरी शोधू. त्या बाईने एक शब्द चुकीचा सांगितला नाही. मी खोटं लिहिलं, तर पुढच्या वेळी तिच्यासारखी कोण उभी राहील?"

मी काढला. मग आम्ही बसून शोधलं आणि जे सापडलं ते अगदी साधं होतं. धाकट्यावर आधी एकही गुन्हा नव्हता, जखम बरी झाली होती, आणि भावाभावांचं भांडण होतं. निर्दोष सोडा असं म्हणायच्या भानगडीत न पडता सरांनी अपिलात सरळ मागितलं, की चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा. सुनावणीला थोरला भाऊ स्वतः आला होता. वरच्या कोर्टाने त्याला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" आशाताईंनी त्याचं उत्तर सांगितलं, "तो म्हणतो, आत टाकून काय उपयोग. काठी मारली, चुकलं. पण नांगरायला मला तोच लागतो."

धाकटा बंधपत्रावर सुटला. दोघं भाऊ एकाच जीपने घरी गेले.

सर आता साठीकडे आले आहेत. पायऱ्या चढताना मध्ये थांबतात आणि खालच्या दुकानदाराला पिकाचं विचारतोय असं दाखवतात. गेल्या वर्षी ऑफिसच्या बोर्डावर त्यांनी स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहून घेतलं, मला न विचारता. रंगाऱ्याने वेलांटी चुकवली आणि चाचांनी त्याला शिडीवरून उतरू दिलं नाही. आप्पा खास धानोऱ्याहून बोर्ड बघायला आले. बोर्ड दोनदा वाचला, मग वर येऊन सरांसमोर खुर्चीत बसले, आणि दोघं पुन्हा कापसावर बोलायला लागले. अकराला तारीख होती, म्हणून मी फाइल उचलली आणि कोर्टात गेले.